स्प्रेच्या बाटलीतलं तेल खवट कधी होतं?

एअर फ्रायर घरात आला की मागोमाग तेलाचा स्प्रे येतोच, आणि तो ठेवला जातो नेमका गॅसशेजारी, कारण हाताशी पाहिजे ना! तेलासाठी अख्ख्या ओट्यावर त्याहून वाईट जागा नाही.

तेलात पाणी नसतं त्यामुळे जंतू वाढत नाहीत, ते बिघडतं हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तेल ज्यांचं बनलेलं असतं त्या फॅटी ॲसिडमधल्या डबल बॉण्डपाशी (कार्बनच्या दुहेरी जोडापाशी) ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड बनतात, ती तुटली की हेक्झॅनलसारखी अल्डिहाइड्स सुटतात आणि दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेल्या चिवड्याला येतो ना, तो वास यांचाच. उष्णता न् उजेडाने हे सगळं अजून भराभर होतं. लिनोलेइक ॲसिड ओलेइकपेक्षा (दोन्ही तेलातली फॅटी ॲसिडच) दहापट तरी वेगाने ऑक्सिडाइज होतं, आणि करडईत साधारणपणे लिनोलेइक जास्त असतं, म्हणून करडईचं तेल साधारणपणे शेंगदाण्याच्या आधी खवट होतं.

गॅसच्या प्रेशरवाल्या कॅनमध्ये हवा शिरत नाही, तेल बरंच टिकतं. पण तुळशीबागेत मिळते तसली पंपाची बाटली असेल तर प्रत्येक दाबाला जेवढं तेल बाहेर तेवढी हवा आत. त्यात आपण काय करतो, तळाशी बोटभर जुनं तेल असतानाच वरून घाण्याचं ताजं तेल ओततो. जुन्यातली पेरॉक्साइड नव्या तेलात तीच साखळी सुरू करून देतात, म्हणजे महागाचं तेलही लवकर वाया. बाटली रिकामी करा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, मगच भरा.

सगळ्यात आधी खराब होतं नोझलवरचं तेल, पातळ थर आणि चारी बाजूंनी हवा, दुसरं काय होणार. तिथला पिवळा चिकट राप म्हणजे ऑक्सिडाइज होऊन घट्ट झालेलं तेलच. त्यामुळे पहिला फवारा टिश्यूवर मारून टाका, दुसरा बशीत घ्या आणि वास बघा. जुन्या ऑइलपेंटसारखा वास आला किंवा जिभेवर कडवट लागलं तर सरळ फेका. फ्रिजमध्ये ठेवून गढूळ झालं असेल तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर निवळतं.

प्रेशरच्या कॅनचं वेगळंच. आत बहुतेक ब्युटेन-प्रोपेन असतं, ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो, आणि एप्रिलमध्ये पुण्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. गंजलेला, फुगलेला कॅन वापरायचाच नाही.

आणि हो, स्प्रेच्या तेलात लसूण घालून ठेवायची हौस अजिबात नको, तेलात नसलं तरी लसणात पाणी असतं आणि तिथे जंतू वाढू शकतात. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला अशाच तेलातल्या लसणामुळे लोकांना बॉट्युलिझम (जंतूंनी सोडलेल्या विषाची जीवघेणी बाधा) झाला होता, आणि त्या विषाला ना वास असतो ना चव.