‘ते कॅथोलिक, आपण ख्रिश्चन’: हा घोळ नेमका कुठला?

जालन्याकडच्या प्रॉटेस्टंट घरांत सोयरिकीचं बोलणं निघालं, की कुणीतरी सहज म्हणून जातं, “मुलगा कॅथोलिक आहे, ख्रिश्चन नाही.” कॅथोलिक माणसाने हे ऐकलं तर तो खवळणारच. मग तोही सुनावतो, “मूळ चर्च आमचं, तुम्ही फुटून निघालेले.”

कोण कुठल्या बाजूला, हे बहुतेक घरांत पणजोबांच्या गावात कुठलं मिशन आलं यावर ठरलं. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. छत्रपती संभाजीनगरचा कॅथोलिक धर्मप्रांत १९७७चा, त्याचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाचं. बोलीही तशीच वाटली गेली: कॅथोलिकांकडे फादर, मिस्सा, स्नानसंस्कार, प्रॉटेस्टंटांकडे पाळक, उपासना, बाप्तिस्मा.

‘संत’ या शब्दावर मात्र खरी अडचण होते. पैठणच्या मुलखात संत म्हटलं की आधी नाथमहाराज. कॅथोलिकांचे संत चर्चने रीतसर जाहीर केलेले, आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं त्यांना म्हणता येतं. प्रॉटेस्टंटांना हे पटत नाही. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतले ‘पवित्र जन’ म्हणजे सगळेच विश्वासणारे, आणि मध्यस्थ एकटा ख्रिस्त, असं त्यांचं म्हणणं. कॅथोलिक उत्तर देतात, आम्ही संतांची आराधना करत नाही, ती फक्त देवाची. हे उत्तर ऐकून न घेताच ‘मूर्तिपूजक’ म्हणून मोकळं होणारे पुष्कळ.

गंमत म्हणजे प्रॉटेस्टंटही प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ म्हणतात, आणि कॅथोलिक शब्दाचा मूळ अर्थ सार्वत्रिक हाच. त्यामुळे काही जण मुद्दाम ‘रोमन कॅथोलिक’ म्हणतात. सार्वत्रिकपणाचा मक्ता एकट्या रोमला द्यायचा नाही म्हणून. ‘प्रॉटेस्टंट’ हे नाव पडलं ते १५२९मध्ये स्पायरच्या सभेत काही जर्मन संस्थानिकांनी आणि शहरांनी नोंदवलेल्या निषेधावरून.

भांडण किती खरं, हे लग्नाच्या कागदांत दिसतं. सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चची मुलगी कॅथोलिक मुलाशी चर्चमध्ये लग्न करते तेव्हा फादर तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला असला, की तो ग्राह्य. पुन्हा बाप्तिस्मा नाही. लग्नाला परवानगी लागते, तीही ‘मिश्र विवाह’ म्हणून, म्हणजे दोन बाप्तिस्माप्राप्त ख्रिस्ती माणसांचा. मुलांना कॅथोलिक वळण देण्यासाठी शक्य ते सारं करीन, असं वचन मुलाला द्यावं लागतं, आणि सासरमाहेरची कुरबुर बहुधा तिथून सुरू होते.

उलट काही स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या तान्हेपणीचा बाप्तिस्मा मानतच नाहीत. तिथे कॅथोलिक गेला काय आणि सीएनआयचा गेला काय, पुन्हा पाण्यात उतरावं लागतं. या वादात फादर आणि सीएनआयचे पाळक एकाच बाकावर बसलेले असतात.