दोनाचा १२७वा घात वजा एक

दोनाच्या १२७व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३९ अंकी मूळ संख्या: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. आपला परार्ध १८ अंकी. ही त्याच्या दुपटीहूनही ३ अंकांनी लांब. हाताने आकडेमोड करून मूळ ठरवलेली याहून मोठी मेर्सेन संख्या (दोनाच्या घातातून १ वजा करून येणारी) नाही.

मूळ संख्या म्हणजे काय, हे हर्णैच्या बाजारात मासळीचे वाटे लावताना दिसते. १२ बांगड्यांचे चारचारचे तीन वाटे होतात. १३ असले की सारखे वाटे लागतच नाहीत: सगळे एका वाट्यात घाला, नाहीतर सुटे विका. वरच्या संख्येइतके बांगडे आणले तरी हीच अडचण. पण ती खरोखर आहे हे दाखवायचे कसे? एकेका भाजकाने भागून पाहायचे तर वर्गमूळच १३० परार्धांच्या घरात जाते.

फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८७६ साली भागाकाराची वाटच सोडली. त्याची रीत धाकट्या भावंडावर, म्हणजे १२७ वर (दोनाचा ७वा घात वजा १), करून पाहावी. ३ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा आणि पुन्हा तेच. ३, ७, ४७, ४८, १६, ०. पाचव्या फेरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. मोठ्या संख्येला अशा १२५ फेऱ्या लागतात. १९३० साली अमेरिकन गणिती लेमरने सुरुवातीचा आकडा ४ केला. तो प्रत्येक विषम मूळ घातांकाला चालतो.

भागाकारही नावापुरताच. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने १२७ एकं. त्यामुळे वर्ग केल्यावर १२७ घरांबाहेर गेलेला भाग उचलून खालच्या घरांत मिळवला की काम भागते.

या संख्यांना ज्याचे नाव आहे त्या फ्रेंच धर्मगुरू मेर्सेनने, मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या आपल्या १६४४ च्या यादीत १२७ हा घातांक बरोबर दिला होता. त्याच यादीतले ६७ आणि २५७ मात्र चुकले, आणि ६१, ८९, १०७ सुटले. तेव्हा १२७ बरोबर निघाला हे त्याचे नशीबच म्हणायचे.

२, ३, ७, १२७ आणि ही संख्या अशी एक साखळी आहे: आधीची कडी घातांकात बसवून १ वजा केला की पुढची मिळते. त्यापुढची कडी मूळ आहे का, हे अजून कुणी ठरवू शकलेले नाही. हनोईच्या मनोऱ्यात (एका वेळी एकच चकती हलवत, लहानीवर मोठी न ठेवता मनोरा दुसऱ्या खुंटीवर नेण्याचा खेळ) १२७ चकत्या असतील तर तो हलवायला कमीत कमी या ३९ अंकी संख्येइतक्याच खेळ्या लागतात. तो खेळही ल्युकाचाच, १८८३ चा.

ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी असण्याचा मान या ३९ अंकी संख्येकडे ७५ वर्षे, १९५१ पर्यंत होता. त्या वर्षी एडसॅक संगणकावर सापडलेली ७९ अंकी मूळ संख्या हिच्याच वर्गाला १८० ने गुणून १ मिळवून बनली होती.

कोकणाशी तिचा संबंध नुसता योगायोगाचा: रँग्लर परांजपे हर्णैजवळच्या मुर्डीत जन्मले तेही १८७६ सालीच.