सोनं हाताने रोळा, पंप लावू नका: असा नियम का असतो?

मोबाईलवर हल्ली नदीत सोनं शोधणाऱ्यांचे व्हिडिओ खूप फिरतात. कॅलिफोर्नियातली नाहीतर ऑस्ट्रेलियातली कुठलीतरी नदी, गुडघाभर पाण्यात उभा माणूस, हातात खाचा पाडलेली प्लास्टिकची परात आणि शेवटी तळाला चिकटलेले चार पिवळे कण. कळव्यात आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी ते बघून मला विचारलं, काका, हे लोक एवढी मेहनत कशाला करतात, सरळ मोटर लावून नदीचा तळ ओढून का नाही काढत? प्रश्न एकदम रास्त आहे. तळ ओढणारं मशीन असतं, कित्येक वर्षं बाजारात आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकी त्याच मशीनवर बंदी आहे नाहीतर कडक परवाना आहे, परातीला मात्र कोणी अडवत नाही. सोनं तेच, नदी तीच, मग कायदा इंजिनलाच का पकडतो? याचं उत्तर बरंचसं फिजिक्समध्ये आणि नदीच्या तळात राहणाऱ्या जिवांमध्ये आहे, आणि आपण ठाणेकरांना तर ते चटकन पटायला हवं, कारण तोच नियम आपल्या खाडीवर पण आहे.

आधी परातीचं बघू. आई तांदूळ रोळायची, पाण्यात हलकेच हलवत तांदूळ वरून काढून घ्यायची आणि खडे खाली राहायचे, सोन्याचं तंत्र अगदी तेच. सोन्याची घनता १९.३, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा १९ पट जड, आणि साधी वाळू, जिच्यात मुख्यतः क्वार्ट्झ असतं, ती २.६५. हवेत हा फरक सातपटीचा वाटतो, पण पाण्यात बुडालेल्या प्रत्येक गोष्टीला पाणी वर ढकलतं, ते वजा केलं की सोन्याचे उरतात १८.३ आणि वाळूचे १.६५, म्हणजे फरक थेट अकरापटीवर जातो. म्हणून परात जरा गोल फिरवली, हिंदकळली की वाळू कडेवरून वाहून जाते आणि सोनं खाली खाली सरकतं. सगळ्यात शेवटी सोन्याबरोबर राहते ती काळी वाळू, म्हणजे मॅग्नेटाइट, घनता साधारण ५.२, तिला लोहचुंबकाने बाजूला करता येतं. नदी स्वतः पण हेच करत असते, वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या मागे, तळच्या खडकाच्या भेगांमध्ये, जिथे पाण्याचा जोर कमी होतो तिथे सोनं बसतं. पण हाताने दिवसभर राबलं तरी सराईत माणूससुद्धा फार तर अर्धा घनमीटर माल रोळू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर आहे.

आता मशीन. याला सक्शन ड्रेज म्हणतात. तरंगत्या फ्रेमवर पेट्रोल इंजिन आणि पंप असतो, खाली लांब नळी, आणि माणूस पाण्यात उतरून त्या नळीचं तोंड तळावरून फिरवतो. यात गंमत अशी की गोटे आणि वाळू पंपाच्या पात्यांमधून जातच नाहीत, गेले असते तर पंप दोन दिवसांत झिजला असता. पंप फक्त पाणी घेतो आणि ते जोरदार धारेने एका पाइपात तिरकं सोडतो, धार जिथून वेगाने जाते तिथे दाब कमी होतो आणि त्या कमी दाबाकडे नळीतून तळातलं पाणी, वाळू, गोटे सगळं खेचलं जातं. हे वर आलेलं मिश्रण स्लुइस बॉक्समधून, म्हणजे आडव्या पट्ट्या ठोकलेल्या उताराच्या पन्हळीतून वाहतं, जड माल पट्ट्यांमागे अडकतो आणि बाकी सगळं मागून परत नदीत. नियमांमध्ये नळीच्या तोंडाचे इंच आणि इंजिनचा हॉर्सपॉवर लिहिलेला असतो तो यासाठीच. तोंड २ इंचावरून ४ इंच केलं तर क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होतं, ६ इंच केलं तर नऊपट. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात छोट्या ड्रेजसाठी जो सरसकट परवाना आणला त्यात मर्यादा ५ इंच आणि १५ हॉर्सपॉवर अशी ठेवली. अशी मशीन दिवसभर चालली तर परातवाल्याच्या कितीतरी पट तळ उलथून टाकते, आणि ती एकटी कधीच नसते, एका चांगल्या जागेवर दहा येतात.

तळ उलथला तर बिघडलं काय, खाली दगडच तर आहेत, असं आपल्याला वाटतं. पण नदीचा तळ रचलेला असतो. वर मोठे गोटे, ज्यांना साधा प्रवाह हलवू शकत नाही, त्यांच्याखाली बारीक खडी आणि वाळू झाकलेली. पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या या गोट्यांना धरून राहतात आणि माशांचं खाणं तेच. सॅमन मासा तर अंडीच खडीत पुरतो, मादी शेपटीने खड्डा करते, अंडी घालते, वरून खडी लोटते, आणि मग काही महिने त्या अंड्यांना खडीच्या फटींमधून वाहणारं ताजं, ऑक्सिजनवालं पाणी मिळत राहावं लागतं. ड्रेजच्या मागून जो बारीक गाळ सुटतो तो नेमका याच फटी बुजवतो. एक मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर पाणी दहा सेकंदांच्या आत खाली उतरतो, पण त्याच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाला तेवढ्यासाठीच तीन तास लागतात आणि तेवढ्या वेळात प्रवाह त्याला कुठच्या कुठे घेऊन जातो. शिवाय ड्रेजने मागे टाकलेला सैल खडीचा ढीग माशाला अंडी घालायला छान जागा वाटतो आणि पहिल्या मोठ्या पुरात तो ढीग अंड्यांसकट वाहून जातो. हौशी लोकांची बाजूही सांगायला हवी, पुढच्या पुरात खड्डे बुजतात आणि परिणाम थोड्या भागापुरता राहतो असं काही पाहण्यांमध्ये खरंच दिसलंय, आणि अंड्यांचा हंगाम सोडून उरलेल्या महिन्यांतच परवानगी द्यायची अशी सोयही कित्येक ठिकाणी होती. एवढ्यावर भागलं असतं, पण पारा मध्ये आला.

१८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा स्लुइसमध्ये पारा ओतायचे, कारण सोन्याचे बारीक कण पाऱ्याला चिकटतात, मग ते मिश्रण तापवून पारा उडवला की सोनं हातात. त्यातला हजारो टन पारा नद्यांमध्ये सांडला आणि तो अजून तिथेच आहे, कारण त्याची घनता १३.५, तोही सोन्यासारखाच खडकांच्या भेगांत जाऊन बसलाय. आज ड्रेजवाला सोनं ओढतो तेव्हा हा पारा पण वर येतो. ड्रेजवाले म्हणतात, मग चांगलंच आहे की, आम्ही फुकटात नदी साफ करतोय. हा मुद्दा मला सुरुवातीला पटण्यासारखा वाटतो, आणि कॅलिफोर्नियाच्या पाणी खात्याने एका नदीवर खरोखर ड्रेज चालवून चाचणी घेतली तेव्हा ९८ टक्के पारा पन्हळीत अडकला सुद्धा. पण उरलेला जो निसटला तो अगदी बारीक होऊन निसटला. एक मिलिमीटरचा पाऱ्याचा थेंब एक शतांश मिलिमीटरच्या थेंबांत फुटला तर थेंब होतात दहा लाख आणि पृष्ठभाग होतो शंभरपट. असा बारीक पारा बुडत नाही, गाळाबरोबर खाली धरणात, पाणथळीत जातो, तिथे ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलात जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे अंगात साठत जाणारं पाऱ्याचं विषारी रूप, करतात, आणि मग छोट्या माशातून मोठ्या माशात आणि तिथून ताटात, प्रत्येक पायरीला प्रमाण वाढत जातं. मेंदूवर, खासकरून पोटातल्या बाळाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. दीडशे वर्षं भेगेत गप्प बसलेला पारा थोड्या सोन्यासाठी मोकळा करायचा हा सौदा मला अजिबात मान्य नाही.

कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये सक्शन ड्रेज थांबवले. तर काही लोकांनी मशीनमध्ये थोडे बदल करून ही सक्शन ड्रेज नाहीच असा पवित्रा घेतला, मग २०१५ च्या कायद्यात व्याख्याच रुंद केली, नदीच्या तळातून किंवा काठातून खनिजासाठी माल काढायला वा त्याला मदत करायला मोटरवालं काहीही वापरलं तर ते यात धरायचं, आणि त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं की बिनमोटरचं हौशी काम, परातीने रोळणं वगैरे, याला आडकाठी नाही. अमेरिकेत १८७२ चा खाणकायदा आहे ज्याच्या जोरावर लोक सरकारी जमिनीच्या तुकड्यातल्या खनिजावर आपला हक्क नोंदवतात, तशा तुकड्यावर ड्रेज चालवणाऱ्या एकाचं प्रकरण कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये निकाल लागला की खनिजावर हक्क असला तरी ते अमुकच पद्धतीने काढायचा हक्क त्यात येत नाही. ओरेगॉनने पण सॅमनच्या महत्त्वाच्या नद्यांमध्ये मोटरवालं काम बंद केलं. याचं मूळ खूप जुनं आहे, त्याच कॅलिफोर्नियात पाण्याच्या तोफा लावून डोंगरच्या डोंगर धुवायचे, गाळाने नद्यांचे तळ वर आले, खालच्या शेतकऱ्यांची शेतं बुडाली, आणि १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी तो गाळ नदीत सोडायला मनाई केली.

सगळ्या मोटरी एकाच मापाने मोजतात असंही नाही, आणि मला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या नियमात मेटल डिटेक्टर आणि बॅटरीवर चालणारा ड्रायवॉशर, म्हणजे पाण्याऐवजी हवेने कोरडी वाळू पाखडणारं यंत्र, किरकोळ वापरात मोडतात, माती उपसणारी यंत्रं, केमिकल आणि स्फोटकं मोडत नाहीत. डिटेक्टर बॅटरीवर चालतो खरा, पण तो फक्त बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो, धातूत त्यामुळे प्रवाह फिरतात आणि त्यांचं उलटं क्षेत्र कॉइलला कळतं, माती जागची हलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मायनर्स राइट नावाचा दहा वर्षांचा परवाना मिळतो, डिटेक्टर चालतो, खणायचं मात्र हाताच्या अवजारांनीच आणि खड्डा बुजवून जायचं. न्यूझीलंडमध्ये ठरवून दिलेल्या जागी परात चालते, बिनमोटरची पन्हळ दोन चौरस मीटरपर्यंत चालते.

आता मुंब्र्याचं रेतीबंदर आठवा. तहसीलदारांचं पथक खाडीत उतरतं, सक्शन पंप आणि बार्ज पकडतं, गॅस कटरने कापतं, या बातम्या आपण कायम वाचतो. आणि त्याच वेळी कोकणच्या खाड्यांमध्ये हातपाटी-डुबीवाल्यांना, म्हणजे होडीतून बुडी मारून पाटीने रेती काढणाऱ्या पारंपरिक लोकांना परवाना मिळतो. रेती दोघांची तीच, मग एकाला परवाना आणि एकाचं मशीन भंगारात, याला काहीजण भेदभाव म्हणतात, मला नाही पटत. बुडी मारणारा माणूस थकतो, भरती-ओहोटी बघून थांबतो, त्याने काढलेली जागा खाडी भरू शकते. पंप रात्रभर एकाच जागी खोल खड्डा करतो, मग काठ त्या खड्ड्याकडे घसरतो आणि काठावरची तिवरं मुळासकट खाली येतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख, मिळाली, फ्लेमिंगो इथल्या ज्या चिखलावर जगतात तो चिखल असा ढवळून चालणार नाही.

पोरांचा पुढचा प्रश्न अर्थात, इथे सोनं मिळेल का? पारसिकच्या डोंगरापासून बेलापूरपर्यंत आपला सगळा खडक बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात रोळून मिळेल असं सोनं नाही. झारखंडमध्ये सुवर्णरेखेच्या काठी लोक पिढ्यानपिढ्या वाळू रोळतात, महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या नागपूर-भंडाऱ्याकडे. आणि कायद्याने बघाल तर १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात परवान्याशिवाय खनिजाचा शोध घ्यायलाच मनाई आहे, छंद म्हणून वेगळी सूट नाही, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. डिटेक्टर घेऊन किल्ल्यावर तर अजिबात जाऊ नका, पुरलेलं धन सापडलं तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. शहरात सोनं रोळणारे खरे उस्ताद म्हणजे झारेकरी, सराफांच्या दुकानातला केर आणि गल्लीतली धूळ रोळून ते सोनं वेगळं करतात.

तरी हात शिवशिवत असतील तर गच्चीत करून बघा. एक टब पाणी, जुनी परात, चाळलेली बांधकामाची वाळू आणि सायकलच्या दुकानातून आणलेले बेअरिंगचे बारीक छर्रे मोजून वीस. छर्रे वाळूत मिसळा आणि पाण्याखाली परात हिंदकळत वाळू कडेने जाऊ द्या. स्टीलची घनता साधारण ७.८, म्हणजे पाण्यात ते वाळूच्या चौपटच जड, सोन्याच्या अकरापटीच्या मानाने ही परीक्षा अवघड आहे, म्हणून सगळी वाळू गेल्यावर परातीत वीसच्या वीस छर्रे उरले तर तेवढ्या आकाराचं सोनं तुमच्या हातून सुटणार नाही.