नागपुरातील पदवी-विषयांची बदलती पसंती

नागपूरच्या महाविद्यालयांत विद्यार्थी पदवीसाठी कोणते विषय घेतात, यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थित्यंतरे झाली आहेत. इथे विषयांची चलती बहुधा नोकरी देणाऱ्यावर ठरत आली आहे. आधी कचेरी आणि कोर्ट, मग कारखाने आणि वीज, आता संगणक कंपन्या.

हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) यांच्या आरंभकाळात पदवी म्हणजे मुख्यतः बी.ए. होती. इंग्रजी, संस्कृत, इतिहास, तत्त्वज्ञान शिकायचे आणि पुढे वकिली करायची किंवा सरकारी नोकरीत शिरायचे, हा रुळलेला मार्ग होता. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असल्याने त्याला बळ मिळे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९३६ मध्ये शहरात उच्च न्यायालय आले. १९५६ मध्ये राजधानीपद गेले, तरी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले आणि कायद्याच्या पदवीची मागणीही टिकली.

विज्ञानाची वाट विसाव्या शतकाच्या आरंभी खुली झाली. तिला उद्योगाशी जोडले ते लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेने. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये ती उभी राहिली आणि रासायनिक अभियांत्रिकीत तिने नाव मिळवले. पुढे १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, तर १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे व्हीएनआयटी, सुरू झाले. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल या शाखांना मोठा मान होता. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे आणि कोळसाखाणी जवळच असल्याने तो स्वाभाविकही होता.

मात्र जागा मोजक्या होत्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी नागपुरात यशवंतराव चव्हाण व रामदेवबाबा ही अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. बारावीला गणित घेतलेल्या मुलाने इंजिनिअर व्हायचे, हे मध्यमवर्गीय घरांत गृहीत धरले जाऊ लागले. बी.एस्सी. अनेकांसाठी दुसरा पर्याय ठरली. मूलभूत विज्ञानाचे हे मोठे नुकसान होते.

कला शाखेची कहाणी नुसत्या घसरणीची नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर दलित समाजातील पहिल्या पिढीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने महाविद्यालयांत आले. १९६४ पासून दीक्षाभूमीवरील डॉ. आंबेडकर महाविद्यालय हा या प्रवासाचा महत्त्वाचा टप्पा आहे. या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना बी.ए. हाच परवडणारा आणि नोकरीपर्यंत नेणारा रस्ता होता. त्यांच्या निवडीला ‘मार्क कमी पडले म्हणून आर्ट्स’ या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मराठी वाङ्मय या विषयांना स्पर्धा परीक्षांचाही आधार राहिला. तो बदलत गेला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतून वैकल्पिक विषय २०११ मध्ये गेला, तर मुख्य परीक्षेत २०१३ पासून दोनऐवजी एकच उरला. अशा एका फेरबदलाने वर्गातल्या विषयाचे वजन कमी-जास्त होते.

अध्यापन पदविकेने (डी.एड.) चढ आणि उतार दोन्ही झपाट्याने पाहिले. शिक्षकभरती थंडावल्यावर डी.एड. महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहू लागल्या.

अलीकडे ओढा संगणकशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सकडे आहे. नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पातील टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस या कंपन्यांमुळे या क्षेत्रातली नोकरी घराजवळ दिसते. कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत, कॉलेजचे नाव बाजूला ठेवून ‘सीएस’ (संगणकशास्त्र) पकडणारे विद्यार्थी आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ पासून पात्र संस्थांसाठी प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे मागणीच्या शाखांच्या जागा वाढवणे सोपे झाले. सिव्हिल, मेकॅनिकलला त्याचा फटका बसतो. रस्ते, मेट्रो, खाणी यांची कामे चालू असलेल्या प्रदेशात हे चिंतेचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीत ‘मेजर’सोबत ‘मायनर’ विषयही निवडता येतो.