सापकांदा: फुलाचे लिंग ठरवणारा कंद

मृगाच्या सरी पडल्या की सह्याद्रीच्या झाडीत पालापाचोळा बाजूला सारून सापकांद्याची पांढरी फुले वर येतात. हा कंद दारात लावला तर साप येतात असे काही जण सांगतात, तर साप फिरकत नाहीत असे दुसरे सांगतात. दोन्ही समजुती निराधार आहेत. नागाच्या फण्यासारखा पुढे वाकलेला जो भाग आपण फूल समजतो, तो खरे तर महाछद नावाचे बदललेले पान आहे, आणि वनस्पतीचे नाव त्याच्यावरून पडले आहे. सर्पदंशावर हा कंद उगाळून देणे मात्र थेट धोक्याचे आहे: त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटाच्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड आणि घसा सुजतो, आणि प्रतिविष मिळण्यापूर्वीचा मोलाचा वेळ वाया जातो.

सापकांदा (अरिसीमा मरेयी) हा सुरण आणि अळूच्या कुलातला. खरी फुले अगदी बारीक असून ती महाछदाच्या आत, स्थूलकणिशाच्या, म्हणजे मधल्या जाड दांड्याच्या, तळाशी दाटीने बसलेली असतात. अरिसीमा प्रजातीतील अनेक जातींत आढळणारी एक गोष्ट विलक्षण आहे: रोपाचे लिंग जन्मभरासाठी ठरलेले नसते, ते कंदातील साठ्यानुसार बदलते. कंद लहान असेल तर फक्त पान येते, थोडा वाढला की पुं-पुष्पे येतात, आणि पुरेसा मोठा झाला की स्त्री-पुष्पे. पराग तयार करण्याचा खर्च थोडा असतो, पण फळे धरली की ती पिकेपर्यंत महिनोन्‌महिने पोसावी लागतात, म्हणून साठा असल्याशिवाय मादी होणे रोपाला परवडत नाही. फळे धरून कंद आटला, किंवा पान किडीने खाल्ले, तर तेच रोप पुढच्या हंगामात पुन्हा नर होऊ शकते. परागण करणारी चिलटे महाछदाच्या नळीत उतरतात. काही जातींत नराच्या नळीला तळाशी फट असते, तिच्यातून चिलट पराग अंगावर घेऊन निसटते. मादीच्या नळीला अशी वाट नसते, त्यामुळे आत आलेले चिलट पराग पोचवून बहुधा तिथेच मरते.

बागेतले सगळे काम या हिशोबातून निघते. सापकांद्यात फूल आधी आणि पान नंतर येते, आणि पुढच्या वर्षीचा साठा ते पानच भरते. म्हणून फूल सुकल्यावर रोप संपले असे समजून पान कापू नये. आंबा किंवा फणसाखालची, गाळलेला उजेड मिळणारी जागा निवडावी आणि मातीत कुजलेला पालापाचोळा व जाडसर वाळू मिसळून पाण्याचा निचरा साधावा. या कंदाला मुळे वरच्या बाजूने फुटतात, त्यामुळे तो उथळ न लावता त्याच्यावर तीन-चार इंच माती राहू द्यावी. पावसाळा सरताना पान पिवळे पडले की पाणी बंद करावे, कारण विश्रांतीच्या काळात ओल राहिली तर कंद कुजतो. कुंडी असेल तर ती पुढच्या जूनपर्यंत कोरड्या आडोशाला ठेवलेली बरी.

एकट्या रोपाला फळ धरण्याची आशा करू नये. नर व मादी फुले एकाच वेळी उमलावीत म्हणून लहानमोठे कंद मिळून चार-सहा रोपे जवळजवळ लावावीत. जंगलातले कंद उपटणे मला अजिबात मान्य नाही, कारण हाताला मोठे कंद लागतात आणि मोठे कंद म्हणजेच बी देणाऱ्या माद्या. रोपवाटिकेत वाढवलेला कंद घ्यावा, किंवा पिकलेल्या लाल फळांतले बी, खाज सुटू नये म्हणून हातमोजे घालून गर काढून, पेरावे आणि फुलासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी.