वेळापत्रक हवं असणं वेगळं, पाळता येणं वेगळं

‘ऑटिझम असलेल्यांना वेळापत्रक आवडतं, मग ते पाळता येत नसेल तर तो आळस,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. पहिला भाग बऱ्याच जणांबाबत खरा आहे. पण पुढे काय होणार हे माहीत असण्याची गरज वेगळी आणि उठून काम सुरू करणं वेगळं. अनेकांचं अडतं ते इथे. दादरची ८.१२ ची लोकल तोंडपाठ असते, तरी एक मोजा हातात धरून माणूस पलंगावरच बसून राहतो. इच्छा असते हो, पुढचं पाऊल सुरू होत नाही.

पडताळायचंय? ‘आवर लवकर’ म्हणण्याऐवजी आंघोळ, कपडे, डबा, पास अशी चित्रं क्रमाने दाराशी लावा आणि आठवडाभर नोंद ठेवा. फरक पडला, तर अडचण इच्छेची नव्हती. नाही पडला, तरी आळस ठरत नाही. आवाज, उजेड, थकवा यांचा त्रास होतोय का, ते तपासा.