"सहाच्या आत घरी" हे गोव्यात कुठून आलं

फोंड्यात कॉलेजातल्या पोरांना विचारा बायकोने नोकरी करावी का, बहुतेक पटकन हो म्हणतात, पण लगेच पुढे येतं की सहाच्या आत घरी यावी, टीचर नाहीतर बँकेत असेल तर बरं. हे आजचं नाही.

पोर्तुगीजांचा 1867 चा सिव्हिल कोड 1870 पासून गोव्यात लागू झाला, लग्नात वेगळा करार केला नसेल तर बायकोला मालमत्तेत अर्धा वाटा, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच, पण त्याच कोडने त्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे ठेवला.

मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्वतःच्या कलेवर कमावणाऱ्या बायका त्या काळात गोव्यात होत्याच, कलावंत घराण्यांतल्या, म्हणजे देवळांत गाणं-नाच करणाऱ्या समाजातल्या. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघींनी मुंबईत जाऊन केवढं नाव काढलं, केसरबाईंचं गाणं तर 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं! आणि गावात मात्र त्याच समाजातल्या बाईला लोकांनी काय मान दिला ते आठवलं तरी वाईट वाटतं. चार लोकांत वावरून कमावणारी बाई म्हणजे चांगल्या घरातली नव्हे, ही समजूत तिथेच घट्ट झाली असं माझं मत आहे.

1961 ला मुक्ती झाली, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, पोरी शिकल्या आणि त्यातल्या कितीतरी शिक्षिका म्हणून शाळेतच लागल्या, कारण शाळा गावातली, दुपारी घरी, घरच्यांना चालायचं. 1973 ला भाऊसाहेब गेले आणि ताई, म्हणजे शशिकला काकोडकर, मुख्यमंत्री झाल्या, त्या 1979 पर्यंत. एवढं होऊनही 2022 ला 40 आमदारांत बायका 3 च निवडून आल्या.

नोकरीचंही तसंच. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या बायकांची साक्षरता जवळपास 85 टक्के, काम करणाऱ्या मात्र 22 टक्क्यांच्या आसपास. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात तर बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायचं नाही असाच नियम होता, म्हणजे घरातली वेळ कायद्यानेही धरली. अजूनही वेर्ण्याच्या कारखान्यांत मुलीला नोकरी लागली की घरचे आधी विचारतात शिफ्ट किती वाजता सुटते, परतायला बस आहे का, आणि मुलग्याला पगार किती ते विचारतात.